तीन वर्षं म्हणाला होतास

शोभनाबाईंची तिथी गुरुवारी होऊन गेली होती, पण गुरुवारी सुट्टी कुणालाच नव्हती. म्हणून त्यांच्या नावाचं पान याही वर्षी रविवारी ठेवायचं ठरलं, आणि नेहमीप्रमाणे आयर्लंडमधल्या नास गावी, धाकट्या विक्रांतकडे. थोरला मुलगा प्रकाश असूनही मलिंगार गावातल्या त्याच्या घरी ते सहा वर्षांत एकदाही झालं नव्हतं, कारण शोभनाबाईंचे यजमान दीनानाथ त्या घरात राहत नसत. नागपूरचं ऊन टाळायला ते एप्रिलअखेर यायचे, जुलैअखेर परत जायचे, आणि तीनही महिने धाकट्याकडे काढायचे. थोरल्या सुनेशी, चित्राशी, त्यांचं बोलणं ‘आलात?’ आणि ‘निघालात?’ एवढंच. या अबोल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी तो विषय काढत नसे. शोभनाबाई आजारी पडल्या तेव्हा प्रकाश नागपूरला परतायला तयार होता आणि चित्राने नाही म्हटलं, हे घरात ठरून गेलेलं होतं.

चित्रा सकाळी दहालाच येऊन स्वयंपाकाला लागली होती. सासूबाईंचा आवडता गोळाभात तिच्या हातचा बरा होतो, हे मात्र दीनानाथांनाही मान्य होतं. विक्रांतची बायको स्वरूपा पुण्याची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी नागपूरकडच्या स्वयंपाकात ती मदतनीसच असे.

“ताई, तिखट कुठल्या प्रेसमध्ये ठेवलंय मी, बघा ना,” ती म्हणाली. कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणायची सवय दोघींनाही लागून गेली होती. “आणि एक सांगून ठेवते. जेवताना तुमच्या भार्गवीचा विषय निघणारे. विक्रांत जाम चिडलाय.”

“इंटर्नशिपवरून ना?”

“हो. डब्लिनला, चेरीवूडच्या त्याच्या ऑफिसात त्यानं स्वतः शब्द टाकला होता तिच्यासाठी. एक जूनपासून. आणि आपल्या मॅडमनी त्याला मेसेज केला, काका सॉरी, माझा बँड टूरवर चाललाय. एवढाच.” स्वरूपा हसली. “मला विचाराल तर मी तिच्या बाजूनं आहे हां. इंटर्नशिप काय, पुढच्या वर्षीही मिळेल.”

चित्राने बेसनाचा गोळा हातावर वळला. ती कुणाच्याच बाजूने नव्हती. मुलीची परीक्षा शुक्रवारी संपत होती, पेपर बरे गेले होते. त्यानंतर सोळा दिवस ती इंग्लंडात गिटार वाजवणार असेल तर वाजवो. तिला खटकत होतं ते वेगळंच. गेला आठवडाभर भार्गवी रोज मेनूथच्या कॉलेज हॉस्टेलवरून फोन करत होती, काहीतरी सांगायचं आहे असं म्हणत होती, आणि न सांगताच फोन ठेवत होती.

*

पान ठेवून झालं. शोभनाबाईंच्या फोटोपुढे नैवेद्य दाखवून सगळे टेबलाशी बसले. दीनानाथांनी भातावर फोडणीचं तेल घेतलं, एक घास खाल्ला, मान हलवली. मग विक्रांतने विषय काढला.

“भार्गवी, काय ठरलं तुझं?”

भार्गवीने पाण्याचा पेला खाली ठेवला. ती अडीच वर्षांची असताना या देशात आली होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण तोंडातून यायची ती मलिंगारच्या हेलातली इंग्रजी. तीच तिने आताही काढली. ठरलंय, ती म्हणाली. म्हणजे ठरल्यासारखं आहे. करारावर उद्या सही करायची आहे.

“करार? कसला करार?”

मग तिला सगळंच सांगावं लागलं. दीनानाथांसाठी मधेमधे प्रकाश मराठीत समजावत होता आणि समजावताना त्याचा आवाज चढत होता, कारण निम्मी गोष्ट त्याचीही होती.

चार वर्षांपूर्वी शाळेतल्या तिघांनी बँड काढला होता. इफा गिटारवर, किअन ड्रम्सवर, भार्गवी बेस गिटारवर आणि गाणारीही तीच. नाव स्लो पंक्चर. इफाच्या वडिलांच्या शेडमध्ये गुरांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये ते वाजवायचे, कारण पोती आवाज पितात. गाणी दोन-अडीच मिनिटांची, वेगाची, आणि ध्रुवपद असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी ओरडता यावं. पहिला कार्यक्रम वर्षभराने चर्चच्या हॉलमध्ये झाला. चौदा माणसं होती, त्यातली नऊ नात्यातली. प्रकाश शेवटच्या रांगेत कानात बोळे घालून बसला होता.

पुढची दोन वर्षं तोच त्यांचा ड्रायव्हर होता. कारखान्यातून आला की मागची सीट पाडायची, ड्रम्स कोंबायचे आणि निघायचं. लिमरिकमध्ये सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं तळघर. कॉर्कमध्ये कुणाच्या तरी घराची बैठक. बेलफास्टमध्ये बंद पडलेली शाळा. पोस्टर नाही, तिकीट नाही, दारात एक डबा फिरायचा. जागेचा पत्ता त्याच दिवशी दुपारी फोनवर यायचा. डब्लिनची पोरं विचारायची, मलिंगार? तिथे बँड असतात होय? मिडलँड्समध्ये, म्हणजे देशाच्या मधल्या पट्ट्यात, दलदल आणि गायी सोडून काही नाही अशी त्यांची समजूत. पण त्या पोरांनीच त्यांच्या कॅसेट नेल्या, आधी पन्नास, मग दोनशे. वेष्टनांवर बटाट्याचे ठसे मारून देताना चित्राचं जेवणाचं टेबल तीन रविवार निळं झालं होतं.

गेल्या सप्टेंबरात किअनला लायसन्स मिळालं, जुनी व्हॅन आली, आणि प्रकाशचं काम संपलं. त्याला ते बोचलं होतं, पण तो कुणाला बोलला नव्हता.

“आणि मग जानेवारीत एक नवीन गाणं केलं,” भार्गवी म्हणाली आणि ताटात बघू लागली. त्या गाण्याने सगळं बदललं होतं. डब्लिनला गालिच्यांच्या जुन्या गोदामात तीनशे लोक आले. इंग्लंडातल्या लीड्सच्या दोन बायका घरातून एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालवतात, त्यांना ते गाणं हवं होतं. पाचशे रेकॉर्ड काढायच्या आणि एका मोठ्या बँडच्या आधी सोळा दिवस सोळा गावांत वाजवायचं.

“सोळा दिवसांसाठी तीन महिन्यांची इंटर्नशिप सोडायची?” विक्रांत म्हणाला. “दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?”

“मी काय बोलू? ती चांगलं वाजवते,” प्रकाश म्हणाला. “ऐक विक्रांत, मी पाहिलंय हे जवळून. यांच्या वयाचे शंभर बँड होते, नव्वद बंद पडले. हे टिकले. कष्टानं टिकले.”

“टिकून काय मिळणारे?”

“ते तिला बघू दे ना.”

“वहिनी?” विक्रांतने चित्राकडे पाहिलं. त्याच्या ‘वहिनी’मध्ये नेहमी एक कोरडेपणा असे.

“परीक्षा संपली की तिची ती मोकळी आहे,” चित्रा म्हणाली.

दीनानाथ आतापर्यंत जेवत होते. वीज मंडळातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांनी तोंड उघडलं की मुलं गप्प बसत. “सगळे बोलून राहिले,” ते म्हणाले. “पण पोरगी गाते काय, हे कोणी ऐकवून नाही राहिलं मले. ऐकल्याबिगर काय सांगू मी, जा म्हणून का नको जाऊ म्हणून?”

“बाबा, एक मिनिट!” स्वरूपा उत्साहाने उठली. “परवाच आलाय व्हिडिओ. अहो, मराठी आहे त्यात, खाली लिहिलंय! मी बघणारच होते नीट, पण ऑफिसात आवाज बंद होता. टीव्हीवर लावते.”

“काकू, नको,” भार्गवी म्हणाली. “तो नको. दुसरा लाव. प्लीज.”

पण स्वरूपा बैठकीत पोचली होती, आणि दीनानाथ हात धुऊन तिच्यामागे निघाले होते.

*

दीनानाथांना पहिलं मिनिटभर नुसता गोंगाट ऐकू आला. कानाला त्रास झाला तरी ते हलले नाहीत. नात पडद्यावर होती. बारीक कापलेले केस, अंगात प्रकाशचा जुना चौकडीचा शर्ट, खांद्यावर तिच्यापेक्षा जड दिसणारं वाद्य. तिच्यासमोर गोरी पोरं-पोरी दाटीवाटीने उभी. इंग्रजी ओळी इतक्या वेगात गेल्या की त्यांना फक्त एक शब्द लागला, ‘लायर’. खोटारडा. तो दोनदा आला.

मग वाद्यं एकदम थांबली आणि ती एकटीच म्हणाली, सुरात नाही, बोलावं तशी, “मला परत जायचंय. तीन वर्षं म्हणाला होतास.”

दीनानाथांना वाटलं आपल्याला भास झाला. पण ड्रम्स सुरू झाले आणि त्या तीनशे पोरांनी ती ओळ उचलली. टीन वर्शा मनाला होटास. मुठी वर करून, उड्या मारत, अर्थाचा पत्ता नसताना. टीन वर्शा मनाला होटास. चार वेळा, पाच वेळा. मधल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

व्हिडिओ संपला. स्वरूपाने टाळ्या वाजवायला हात वर केले होते, ते तसेच खाली घेतले.

“भार्गवी,” दीनानाथ म्हणाले. “हे वाक्य कोणाचं?”

भार्गवीने टीव्ही बंद केला.

“तुले मराठी लिहिता येत नाही. कोणी लिहून दिलं?”

“कुणी नाही, आबा.”

“मग?”

“मी ऐकला होता,” ती म्हणाली. लिंग चुकलं, पण मराठीत म्हणाली. “जिन्यावर बसून. मी बारा वर्षांची होते. आजी सिक होती तेव्हा.”

बैठकीच्या दारात चित्रा उभी होती. तिच्या हातात सुपारीची वाटी होती. दीनानाथांनी तिच्याकडे पाहिलं, सहा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि मग मान वळवून मोठ्या मुलाकडे पाहिलं.

*

“गाणं आहे बाबा ते,” प्रकाश म्हणाला. “मुलं काहीही लिहितात. यमक जुळलं की झालं.”

त्याने चित्राकडे पाहिलं. ती त्याला खोटं पाडणार नाही हे त्याला माहीत होतं. सहा वर्षांत तिने एकदाही पाडलं नव्हतं. फोनवर विक्रांत तिला नाही नाही ते बोलला तेव्हाही नाही. आई गेल्यावर नागपूरच्या घरात बाबांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही तेव्हाही नाही. का नाही, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर ती बोलायला लागेल अशी भीती होती. आणि आता पोरगीही त्याच्याकडे बघत होती. ज्या पोरीसाठी त्याने दोन वर्षं गाडी चालवली तिने त्याला तीनशे माणसांत खोटारडा म्हटलं होतं, आणि आत्ताच्या त्याच्या वाक्याने तो पुन्हा तेच ठरला होता.

“नाही,” तो म्हणाला. “यमक नाही. खरं आहे ते.”

“काय खरं आहे?” विक्रांतने विचारलं.

“चित्रानं नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं.” तो सोफ्याच्या कडेला बसला. “निघताना तीन वर्षं म्हणून निघालो होतो. आई आजारी पडली तेव्हा दहा झाली होती. आईचं कळल्यावर ही म्हणाली, चला परत. हिनं नोकरीसुद्धा बघितली होती तिकडे. मला तेव्हाच प्रमोशन आलं होतं. आणि नुसतं तेवढंच नाही. मी घाबरलो. परत जाऊन या वयात कुठे उभा राहणार, काही सुचेना. पण ‘मला यायचं नाही’ हे बाबांना सांगायची छाती नव्हती माझी. म्हणून म्हटलं, चित्रा तयार नाही.”

“दादा,” विक्रांत हळू आवाजात म्हणाला. “मी वहिनीला फोनवर काय बोललो होतो, आठवतंय तुला?”

“आठवतंय.”

“तू शेजारी होतास तिच्या. ‘दादाला दे’ म्हटलं तर तू फोन घेतलास माझा. आणि मला म्हणालास, जाऊ दे, समजून घे तिला. समजून घे तिला! माझी आई गेली ना रे, दादा, आणि मी सहा वर्षं भलत्याच माणसावर राग धरून बसलो.”

अडचणीत सापडला की प्रकाश हुकूम सोडायचा, तसं त्याने केलं. “ते काहीही असो. हे गाणं रेकॉर्डवर जाणार नाही. भार्गवी, ऐकतेस ना? घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. टूर कर, दुसरी गाणी वाजव. हे नाही.”

“का नाही?” विक्रांत उभा राहिला. “जाणार. मी सांगतो, हेच जाणार. इंटर्नशिप गेली खड्ड्यात. भार्गवी, तू जा आणि रोज म्हण हे.”

“माझी मुलगी आहे ती.”

“आणि ती माझी वहिनी आहे!”

“गप बसा दोघंही,” दीनानाथ म्हणाले. ते ओरडले नव्हते, तरी दोघं गप्प झाले.

मागचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला. भार्गवी बाहेर गेली होती. चित्राने सुपारीची वाटी टीव्हीशेजारी ठेवली आणि तिच्यामागे गेली.

*

मागच्या अंगणात स्वरूपाने वाफ्यात लावलेली मेथी वर आली होती. भार्गवी कपडे वाळत घालायच्या दांडीला टेकून उभी होती. मे महिना असूनही वारा गार होता.

“मी काढून टाकते,” ती आईला बघताच म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत, घाईघाईने. लीड्सच्या बायकांना आज कळवते. हे गाणं नसेल तर त्या रेकॉर्ड काढणार नाहीत, टूरही बहुतेक जाईल, पण चालेल. आठवडाभर हेच सांगायचं होतं फोनवर, विचारायचं होतं, पण जमलं नाही. व्हिडिओ कुणीतरी परस्पर टाकला. आबांना कळेल, काकाला कळेल, असं तिच्या डोक्यातच नव्हतं. घरातलं कुणी त्यांची गाणी ऐकत नाही.

“थांब जरा,” चित्रा म्हणाली. “इफाला, किअनला माहितीये अर्थ?”

“इफाला. बाकी कुणाला नाही. लोक विचारतात. मी सांगते, माझी आई एकदा म्हणाली होती.”

“आणि मग?”

“मग काय, नथिंग. कुणीकुणी नंतर येऊन रडतात. एकीची आई पोलंडची आहे. मी काहीच सांगितलं नव्हतं तिला, तरी तिला कळलं होतं.”

चित्राने दांडीवरचा एक चिमटा काढला आणि पुन्हा लावला. टीव्हीवर ते वाक्य ऐकताना तिला लाज वाटेल असं तिला स्वतःलाच वाटलं होतं. ती वाटली नव्हती. त्या रात्री हे वाक्य ती प्रकाशला तीनदा म्हणाली होती आणि तो तिन्ही वेळा लॅपटॉपकडे बघत राहिला होता. जिन्यावर कुणी ऐकत होतं हे तिला आज कळलं.

“इंग्रजी कडव्यात तू बाबाला काय म्हणतेस? लायर?”

“हो.”

“ते चूक आहे.”

भार्गवीने वर पाहिलं.

“तीन वर्षं म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता गं. त्याला खरंच वाटत होतं तसं. विमानात नागपूरच्या घराला रंग कुठला द्यायचा ते बोलत होता माझ्याशी. पुढे घाबरला. घाबरलेला माणूस खोटं बोलतो, पण तो खोटारडा नसतो. आबांशी तो जे बोलला, त्याचं माझं मी बघेन. तू त्यात पडू नकोस.”

“पण लायरला टायर जुळतं,” भार्गवी म्हणाली. “आमचं नावच स्लो पंक्चर आहे, आई.”

“मग दुसरं जुळव. एवढं शिकवलंय तुला.”

भार्गवीला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडूही. चित्राने तिला रडू दिलं. मग पदराने नव्हे, कारण साडी नव्हतीच, स्वेटरच्या बाहीने तिचं नाक पुसलं.

“म्हणजे ठेवू?”

“ठेव. ते वाक्य माझं आहे, बाबाचं नाही. मी देते तुला.”

भार्गवीने तिथूनच इफाला फोन लावला. चित्राला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला. लायर काढायचं? बरं झालं बाई, ती ओळ मला कधीच आवडली नव्हती, गडबडीत वाजवून टाकायचो म्हणून खपली. उद्या सकाळी शेडमध्ये ये, नवीन करू. भार्गवी “ग्रँड, ग्रँड” असा होकार देत राहिली आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागली.

*

चित्रा आत आली तेव्हा बैठकीत आवाज नव्हता. प्रकाश पुढच्या दाराबाहेर जाऊन उभा होता आणि विक्रांत त्याच्यापासून दोन हातांवर, दोघंही रस्त्याकडे बघत. स्वरूपा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, मशीन असून हाताने. दीनानाथ जेवणाच्या टेबलाशी एकटे बसले होते.

“चित्रा,” त्यांनी हाक मारली.

ती थांबली.

“नोकरी कुठं पाहिली होती तू?”

“धंतोलीत. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये करते तेच काम.”

“धंतोली.” त्यांनी मनाशी अंतर मोजलं असावं. “आपल्या घरून दहा मिनिटं. दुपारी जेवायले घरी येता आलं असतं.”

“हो. आईही तेच म्हणाल्या होत्या.”

दीनानाथांचा हात टेबलावरच्या पेल्याकडे चालला होता, तो मध्येच थांबला. “कोण म्हणालं?”

चित्रा समोरची खुर्ची ओढून बसली. हे बोलायची वेळ येणार नाही असं तिने धरलं होतं, आणि आली तेव्हा ती तिला वाटली तेवढी अवघड वाटली नाही. “आई. त्यांना मी आधीच सांगितलं होतं, फोनवर. मी येते आहे, नोकरी बघितली आहे म्हणून. पुढे प्रकाशनं तुम्हाला वेगळं सांगितलं, तेही त्यांना कळलं. त्यांनीच मला फोन केला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ह्यांना खरं सांगू नको. प्रकाशला तोडून टाकतील, त्याचं तोंड पाहणार नाहीत. मी जायच्या आधी घर फुटलेलं मला बघवणार नाही. तुझ्यावर रागावतील तर रागावू दे, तू सोसशील. असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर तो शब्द मोडता आला असता. पण तोवर तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.”

बाहेर विक्रांत काहीतरी म्हणाला आणि प्रकाशने त्याला उत्तर दिलं. शब्द कळत नव्हते. दीनानाथांनी फोटोकडे पाहिलं.

“बावन्न वर्षं संसार केला तिनं माझ्यासंगं,” ते म्हणाले. “आणि मरताना भेव कशाचं होतं, तर माझं.”

चित्रानेही फोटोकडे पाहिलं.

“प्रकाशलेही माझंच. इकडे तू सोसून राहिली, तेही माझ्या रागापायीच. खरं का नाही?”

इतर कुणी असतं तर ‘तसं नाही हो बाबा’ म्हणालं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं की नाही, चित्राला ठरवता येईना. ती म्हणाली, “हो. खरं आहे.”

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “उद्या मी मलिंगारले येतो. सामान घेऊन. उरलेले दोन महिने तिकडेच राहतो.”

चित्राला त्या क्षणी काय वाटलं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. हेच ऐकण्यासाठी ती सहा वर्षं थांबली होती, आणि ऐकल्यावर तिला फार थकवा आला. उद्या सकाळी सातला तिची ड्यूटी होती. प्रकाशशी बोलायचं होतं, आणि ते एका दिवसात होण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी पोरीचा शेवटचा पेपर होता, त्याच रात्री तिची इंग्लंडला जाणारी बोट होती आणि तिची बॅग भरून द्यायची होती.

“उद्या नको, बाबा,” ती म्हणाली.

दीनानाथांनी वर पाहिलं. या घरात त्यांना ‘नको’ कुणी म्हटल्याचं त्यांना आठवत नसावं.

“या आठवड्यात मला जमणार नाही. मला जरा वेळ पाहिजे. शनिवारी या.”

रागाची जुनी शीर कपाळावर उठली, आणि तिची चित्राला सवय होती, म्हणून ती शांतपणे बसून राहिली. शीर उतरायला थोडा वेळ लागला.

“शनिवारी,” ते म्हणाले. “किती वाजता येऊ?”

“अकरा वाजता,” चित्रा म्हणाली, आणि उठून स्वरूपाला भांडी पुसू लागायला आत गेली.